फूलझाडूची निगा : बंगळुरूच्या हवेत गवती केरसुणी कशी टिकवावी

घरातील सर्वांत स्वस्त आणि सर्वाधिक वापरात असलेल्या वस्तूंमध्ये केरसुणीची गणना करावी लागते. तरीही तिच्या निगेचा विचार क्वचितच होतो. बंगळुरूमधील अनेक घरांत उन्हाळ्याच्या आरंभी आणलेला गवती झाडू पावसाळा संपण्यापूर्वीच एका बाजूस वाकतो, त्याची टोके गळून बोथट होतात, बुंध्याशी काळे डाग दिसू लागतात आणि त्यास कुबट वास येतो. असा झाडू फेकून नवा आणला जातो. त्याचा आर्थिक भार एका घरास फारसा जाणवत नाही. मात्र दिवसाकाठी तीन-चार घरे झाडणाऱ्या घरकामगार स्त्रीस झिजलेल्या झाडूमुळे अधिक वाकावे लागते, एकाच जागेवरून पुनःपुन्हा हात फिरवावा लागतो आणि बुरशीयुक्त धूळ तिच्याच श्वासात प्रथम जाते. झाडू कशापासून बनतो आणि तो कशामुळे खराब होतो हे समजून घेतल्यास हे दोन्ही तोटे टाळता येतात.

कच्चा माल आणि त्याचे मूळ

शहरी घरांत फरशी झाडण्यासाठी वापरला जाणारा मऊ झाडू, म्हणजेच फूलझाडू, हा थायसॅनोलीना लॅटिफोलिया या बहुवर्षायू गवताच्या फुलोऱ्यापासून तयार होतो. हे गवत तृणकुळातील असून डोंगरउतारावर वाढते. मेघालय व आसामचे डोंगराळ जिल्हे हे त्याच्या उत्पादनाचे प्रमुख क्षेत्र होय. नेपाळमध्ये ते ‘अम्रिसो’ या नावाने ओळखले जाते. दाट मुळांमुळे ते उतारावरील माती धरून ठेवते आणि त्याची पाने जनावरांना चारा म्हणून उपयोगी पडतात. बंगळुरूच्या बाजारात मेघालयातून येणारा झाडू अडीच हजार किलोमीटरहून अधिक प्रवास करून आलेला असतो.

कर्नाटकात झाडूला ‘पोरके’ म्हणतात. अंगण, गच्ची व रस्ता झाडण्यासाठी नारळाच्या पानांतील हिरांपासून केलेली ‘कड्डी पोरके’ वापरली जाते. मराठी वाचकांना हाच हिरांचा खराटा म्हणून परिचित आहे. देशावर तुरीच्या काड्यांचाही खराटा होतो, तर महाराष्ट्रातील पारंपरिक केरसुणी शिंदीच्या पानांची असते. नारळाचे पूर्ण वाढलेले झाड वर्षाला साधारणपणे १२ ते १४ पाने देते आणि प्रत्येक पानास २०० ते २५० पर्णिका असतात. तुमकुरु, हासन यांसारख्या नारळ उत्पादक जिल्ह्यांत त्यामुळे हिरांचा पुरवठा हा बागेचा नित्याचा उपपदार्थ ठरतो.

पाश्चात्त्य देशांतील ‘गवती’ झाडू मात्र ज्वारीचा असतो, ही बाब महाराष्ट्रातील शेतकऱ्यांना विशेष वाटेल. सॉर्घम बायकलर या ज्वारीच्याच प्रजातीतील एका प्रकारात कणसाच्या शाखा लांब, सरळ व लवचिक असतात. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील हॅडली येथील लेव्हाय डिकिन्सन या शेतकऱ्याने १७९७ च्या सुमारास अशा ज्वारीचे झाडू बनवून विकण्यास प्रारंभ केला, असे तेथील इतिहासात नमूद आहे. नवा झाडू कोमट मिठाच्या पाण्यात बुडवून घेण्याची त्या भागातील जुनी घरगुती पद्धत गवती झाडूलाही मर्यादित प्रमाणात लागू पडते. तिचा विचार पुढे केला आहे.

नवा झाडू भुसा का सोडतो

फूलझाडूचा प्रत्येक तुरा म्हणजे गवताचा फुलोरा असल्याने त्यावर अतिशय सूक्ष्म कणिशके व बिया असतात. काढणी साधारणपणे जानेवारी ते मार्च या काळात होते. फुलोरा कोवळा व लवचिक असताना कापल्यास तंतू चिवट राहतात. काढणीस उशीर झाल्यास तुरे तपकिरी व ठिसूळ होतात आणि कणिशके सहज गळतात. नव्या झाडूतून पडणारा बारीक भुसा हा याच कणिशकांचा असतो. थोडा भुसा प्रत्येक नव्या झाडूतून पडतोच, परंतु महिनाभर वापरूनही तो थांबत नसेल तर माल उशिरा कापलेला किंवा अतिशय वाळलेला असण्याची शक्यता अधिक.

खरेदी करताना पुढील चार गोष्टी तपासाव्यात.

१. तुरा बोटांत धरून हलकेच वाकवावा. तो न मोडता पूर्ववत झाला पाहिजे.

२. तळहातावर झाडू दोन-तीन वेळा आपटून किती भुसा पडतो ते पाहावे.

३. बुंध्याशी नाक नेऊन वास घ्यावा. कुबट वास हे साठवणुकीत ओल लागल्याचे लक्षण होय.

४. मूठ पिळून पाहावी. आतील काड्या हलत असतील तर बांधणी सैल आहे.

दिवाळीत लक्ष्मीपूजनासाठी नवी केरसुणी घेण्याची प्रथा मराठी घरांत आहे. त्या वेळी बाजारात असलेला फूलझाडू वर्षारंभीच्या काढणीचा व संपूर्ण पावसाळा गोदामात काढलेला असतो. म्हणून तिसरी कसोटी त्या दिवसांत विशेष महत्त्वाची ठरते.

वापरापूर्वीची तयारी

नवा झाडू घरात वापरण्यापूर्वी उघड्या जागी, नाकातोंडावर कापड बांधून, टोके खाली धरून भिंतीवर हलकेच आपटावा. त्यानंतर रुंद दातांचा जुना कंगवा बुंध्याकडून टोकाकडे फिरवावा. उलट दिशेने विंचरल्यास तुरे तुटतात. सुटलेला भुसा निघून गेल्यावर केवळ टोकांकडील अर्धा भाग बादलीतील पाण्यात काही मिनिटे बुडवावा, हलक्या हाताने निथळावा आणि सावलीत हवेशीर जागी टांगून पूर्ण वाळवावा. पावसाळ्यात हे काम पंख्याखाली करावे आणि किमान एक दिवस झाडू वापरू नये.

मिठाचा उपयोग करावयाचा असल्यास त्यामागील कारण लक्षात घ्यावे. मीठ हवेतील ओलावा धरून ठेवते, त्यामुळे कोरड्या हवेत तंतू अति शुष्क होऊन मोडत नाहीत. फेब्रुवारी ते एप्रिल या बंगळुरूच्या कोरड्या महिन्यांत याचा लाभ होतो. पावसाळ्यात मात्र तोच गुणधर्म ओल वाढवतो, म्हणून त्या काळात साधे पाणीच वापरावे. झाडू लोखंडी तारेने बांधलेला असल्यास मिठाचे पाणी बांधणीपर्यंत पोहोचू देऊ नये, अन्यथा तार गंजून मूठ सुटते.

झाडू वाकडा का होतो

वनस्पतिजन्य तंतू ओला असताना मऊ होतो आणि ज्या आकारात वाळतो तोच आकार धारण करतो. झाडू टोकांवर उभा ठेवल्यास त्याच्या स्वतःच्या भाराने तुरे वाकतात आणि काही दिवसांत तो बाक कायमचा होतो. त्याचप्रमाणे नेहमी एकाच बाजूने झाडल्यास टोके त्या दिशेला वळतात. यासाठी दोन सवयी पुरेशा आहेत. दररोज झाडताना मूठ अर्धी फिरवून बाजू बदलावी आणि वापरानंतर झाडू मुठीच्या फासाने खुंटीला टांगावा. टांगताना टोके जमिनीपासून किमान चार बोटे वर असावीत. केरसुणी उभी ठेवू नये, असा संकेत अनेक घरांत पाळला जातो. तेथे ती कोरड्या जागी आडवी ठेवल्यासही हेतू साध्य होतो.

वाकलेला झाडू सुधारता येतो. टोके कोमट पाण्यात दहा मिनिटे भिजवावीत, तुरे सरळ करून जुन्या सुती कापडाने सैलसर गुंडाळावेत आणि झाडू टांगून वाळवावा. पूर्ण वाळल्यानंतरच कापड सोडावे.

बंगळुरूची ओल आणि बुरशी

बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर असल्याने तेथील हवा एरवी समशीतोष्ण मानली जाते. परंतु नैर्ऋत्य मोसमी पावसापाठोपाठ ईशान्य मोसमी पावसाचाही लाभ होत असल्याने तेथील ओला काळ दीर्घ असतो. सप्टेंबर व ऑक्टोबर हे सर्वाधिक पावसाचे महिने होत. हवेतील सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ७० ते ७५ टक्क्यांच्या वर राहिली की गवत, कागद, चामडे यांसारख्या पदार्थांवर बुरशी वाढू लागते. सदनिकांमध्ये झाडू बहुधा धुलाईयंत्राशेजारी युटिलिटीमध्ये किंवा स्नानगृहाच्या दारामागे ठेवला जातो. घरातील सर्वांत ओलसर जागा नेमक्या याच असतात.

अलीकडील झाडूंच्या मुठीवर प्लास्टिकची नळी असते. तिच्यामुळे पकड सोयीची होते, मात्र आत शिरलेले पाणी लवकर बाहेर पडत नाही. झाडू उलटा धरून धुतल्यास पाणी तुऱ्यांमधून नळीत उतरते आणि काड्या आतून कुजतात. त्यामुळे धुताना टोके सदैव खाली असावीत. ओल्या फरशीवर फूलझाडू मुळीच वापरू नये. त्यासाठी हिरांचा खराटा किंवा रबरी वायपर योग्य.

आठवड्यातून एकदा टोकांत अडकलेले केस व धागे कंगव्याने काढावेत. महिन्यातून एकदा सौम्य साबणाच्या पाण्यात टोके धुऊन वाळवावीत. ऊन असेल त्या दिवशी तासभर कोवळ्या उन्हात ठेवणे हितकारक असते, परंतु दिवसभराच्या प्रखर उन्हाने तंतू ठिसूळ होतात. बुरशीचे ठिपके केवळ टोकांवर असतील तर तो भाग कात्रीने छाटून उर्वरित झाडू धुऊन वाळवावा. डाग बुंध्याशी असतील व मुठीतून वास येत असेल, तर असा झाडू घरात ठेवू नये. दमा असलेल्या व्यक्तींना बुरशीचे बीजाणू विशेष त्रासदायक ठरतात.

खराट्याची निगा

हिरांचा खराटा पाण्याला अधिक टिकतो, कारण हिरांत काष्ठद्रव्याचे प्रमाण अधिक असते. त्याचा मुख्य दोष म्हणजे हीर वाळून आकसल्याने बांधणी सैल होणे. अशा वेळी खराटा टोके वर करून बुंध्याकडून जमिनीवर ठोकावा, म्हणजे हीर समपातळीत येतात. त्यानंतर मधोमध काही नवे हीर किंवा बांबूची लहान पाचर ठोकल्यास बांधणी पुन्हा घट्ट होते. लांब दांडा जोडल्यास कमरेतून वाकावे लागत नाही. घरात मदतनीस काम करीत असल्यास तिच्या उंचीनुसार दांडा निवडणे अगत्याचे आहे. फूलझाडूच्या बाबतीतही लांब मुठीचा प्रकार याच कारणासाठी श्रेयस्कर ठरतो.

आयुष्य संपलेल्या झाडूचे काय करावे

टोके झिजून आखूड झालेला फूलझाडू टोकाकडून सरळ छाटल्यास खिडक्यांच्या जाळ्या, कोपरे व कुंड्यांच्या कडा साफ करण्यास उपयोगी पडतो. त्यानंतर तो टाकून देताना प्लास्टिकची नळी व तार वेगळी करून सुक्या कचऱ्यात द्यावी. गवताचे बारीक तुकडे करून ते घरगुती कंपोस्टमध्ये कोरडे, कर्बयुक्त द्रव्य म्हणून ओल्या भाजीपाल्याच्या थरांमध्ये घालता येतात. बुरशी लागलेले गवतही कंपोस्टमध्ये चालते, मात्र ते मिसळताना नाकावर कापड असावे. खराट्याचे हीर कुजण्यास बराच वेळ लागतो, म्हणून सरळ हीर निवडून गच्चीवरील बागेत मिरची व टोमॅटोच्या कोवळ्या रोपांना आधारासाठी वापरावेत.

नवा झाडू आणल्याची तारीख मुठीवर लिहून ठेवल्यास तो किती काळ टिकला हे कळते. पुढील खरेदीच्या वेळी कोणत्या दुकानातील माल चांगल्या काढणीचा होता, हे ठरविण्यास ती नोंद उपयोगी पडते. चांगल्या मालास मागणी राहिल्यास वेळेवर काढणी करणाऱ्या डोंगरी उत्पादकाच्या मालालाही योग्य भाव मिळण्यास साहाय्य होते.