लांब गेलं म्हणजे जिंकलं?

जानेवारी उजाडला की मला शाळांचे फोन सुरू होतात. २८ फेब्रुवारीचा विज्ञान दिन जवळ आलेला असतो, भित्तिपत्रकांना आणि खायच्या सोड्याच्या ज्वालामुखीला मुलं विटलेली असतात, आणि कुणातरी उत्साही शिक्षकाने कॅटापल्ट, म्हणजे वस्तू लांब फेकणारं यंत्र, बनवण्याची स्पर्धा सुचवलेली असते. कल्पना उत्तम आहे. मुलांना लाकूड, दोरी, रबर हाताळायला मिळतं आणि पुस्तकातली स्थितिज ऊर्जा डोळ्यांदेखत उडताना दिसते. परीक्षक म्हणून जायला मी एका पायावर तयार असतो. फक्त एक विचारतो, "नियम काय ठेवलेत?" पलीकडून उत्तर येतं, "नियम कसले सर! ज्याचं सगळ्यात लांब जाईल तो पहिला. सोपं काम, कुणाची तक्रार नको."

हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता समोरच्याचं वाक्य मीच पूर्ण करतो. त्यातलं 'सोपं' तेवढं खरं. अशी स्पर्धा न्याय्य नसते, सुरक्षित तर नसतेच, आणि तक्रारी सगळ्यात जास्त तिच्यातच होतात. एकाच नियमाने दोन्ही गोष्टी कशा बिघडतात ते जरा सावकाश पाहू.

कॅटापल्ट स्वतः ऊर्जा निर्माण करत नाही. आपण रबर ताणतो किंवा वजन उचलून ठेवतो तेव्हा ऊर्जा साठते, आणि कळ सोडली की त्यातला काही भाग चेंडूला मिळतो. रबर दुप्पट ताणलं तर साठलेली ऊर्जा ढोबळमानाने चौपट होते. हवेचा विरोध सोडून दिला तर चेंडूचं अंतर त्याला मिळालेल्या ऊर्जेच्या प्रमाणात वाढतं, म्हणजे तेही चौपट. तेव्हा 'लांब फेका' या नियमाचा मुलांच्या भाषेतला अर्थ 'जमेल तेवढी ऊर्जा साठवा' एवढाच होतो. मुलं हुशार असतात, ती बरोबर तेच करतात. आइस्क्रीमच्या काड्यांच्या जागी लोखंडी पट्टी येते, रबर बँडच्या जागी सायकलची ट्यूब येते, आणि पिंगपाँगचा चेंडू जाऊन गोटी येते.

एका शाळेत (नाव नको) आठवीतल्या एका मुलाने आणलेलं यंत्र उचलायला दोन माणसं लागली होती. वेल्डिंग सुबक होतं. इतकं सुबक, की ते कुणाच्या वर्कशॉपमध्ये झालं हे विचारायची गरज नव्हती. चेंडू फक्कीच्या सगळ्या रेघा ओलांडून कुंपणापलीकडे गेला आणि टाळ्यांच्या गजरात पहिला नंबर ठरला. त्याच स्पर्धेत दोन मुलींनी बारा काड्या, एक चमचा आणि चार रबर बँड यांतून एक यंत्र केलं होतं. ते पाच वेळा सोडलं आणि पाचही वेळा चेंडू जवळजवळ त्याच जागी पडला. अभियांत्रिकी म्हणतात ती हीच. त्यांचा नंबर खालून तिसरा आला. नियमाप्रमाणे निकाल अचूक होता, आणि मी त्या कागदावर सही केली याची मला अजून चुटपुट आहे.

केवळ अंतराची हाव कुठवर जाते हे पाहायचं तर अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात १९८६ साली सुरू झालेली भोपळे फेकण्याची स्पर्धा आठवावी. मोठ्या माणसांची, हौसेची स्पर्धा. यंत्रांचे वेगवेगळे गट होते, पण मान लांब फेकणाऱ्याला. गोफणीच्या तत्त्वावरच्या यंत्रांपासून गोष्ट हवेच्या दाबाच्या तोफांपर्यंत गेली, आणि भोपळे किलोमीटरहून पुढे जाऊन पडू लागले. २०१६ साली तिथे एका तोफेचा धातूचा भाग सुटून उडाला आणि एक स्त्री गंभीर जखमी झाली. आपल्या शाळेत हवेची तोफ कुणी आणणार नाही, मान्य. दिशा मात्र तीच आहे.

यावर हमखास येणारा प्रतिप्रश्न: "मग भालाफेकीत, गोळाफेकीत अंतरच मोजतात ना?" मोजतात. पण तिथे गोळ्याचं वजन ठरलेलं असतं, ऊर्जा माणसाच्या अंगातून येते, आणि गोळा ३४.९२ अंशांच्या आखलेल्या पट्ट्याबाहेर पडला तर ती फेक बाद होते, मग ती कितीही लांब असो. भालाफेकीची गोष्ट तर अधिक बोलकी आहे. १९८४ साली पूर्व जर्मनीच्या उवे होन यांनी १०४.८० मीटर भाला फेकला. मैदानं अपुरी पडायची वेळ आली. शिवाय त्या काळचे भाले पुष्कळदा आडवे पडत आणि टोक आधी टेकलं की नाही यावर वाद होत. जागतिक संघटनेने काय केलं? अंतर कमी केलं. १९८६ पासून पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य ४ सेंटिमीटर पुढे सरकवला, त्यामुळे भाला लवकर खाली झुकून टोकावर पडू लागला. एका बदलात प्रेक्षकही सांभाळले गेले आणि मोजणीही. हेच होन पुढे आपल्या नीरज चोप्राचे प्रशिक्षक होते. नीरजने टोकियो ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवलं ते ८७.५८ मीटरवर, आणि होन यांच्यापेक्षा सतरा मीटर कमी म्हणून कुणी नाक मुरडलं नाही.

तर मग करायचं काय? ऊर्जा बांधून द्यायची. यासाठी रबरापेक्षा वजनावर चालणारं यंत्र सोयीचं, ज्याला ट्रेब्युशे म्हणतात ते. दांड्याच्या आखूड बाजूला जड पिशवी, लांब बाजूला दोरीच्या झोळीत फेकायची वस्तू. पिशवी खाली येते, वस्तू वर उडते. सगळ्या संघांना सारख्याच वजनाची वाळूची पिशवी द्यायची, ती किती उंचीवरून पडेल ते ठरवून द्यायचं, आणि फेकायची वस्तूही आपणच द्यायची. मग कुणाच्या बाबांचं वर्कशॉप आहे याने फारसा फरक पडत नाही.

यात आयोजकाचा आणखी एक फायदा आहे, आणि तो विज्ञानाच्या शिक्षकांनाही सांगावा लागतो याचं मला नवल वाटतं. स्पर्धेआधीच, कागदावर, जास्तीत जास्त अंतर किती जाईल हे काढता येतं. वाळूच्या पिशवीचं वजन भागिले फेकायच्या वस्तूचं वजन, गुणिले पिशवी पडण्याची उंची, गुणिले दोन. एवढंच. अर्धा किलो वाळू, २५ ग्रॅमची वस्तू आणि ३० सेंटिमीटर उंची घेतली तर २० गुणिले ०.३ गुणिले २, म्हणजे १२ मीटर. वस्तू जमिनीपासून जितकी वर सुटेल तेवढी थोडी भर त्यात धरायची. प्रत्यक्षात दांड्याचं वजन आणि घर्षण यांत बरीच ऊर्जा जाते, त्यामुळे मुलांची यंत्रं या आकड्याच्या पुष्कळ अलीकडेच राहतात. आता तीच वाळू एक किलो करा आणि उंची अर्धा मीटर करा: कमाल अंतर ४० मीटरवर जातं. शाळेचं पटांगण किती लांब आहे हे आधी पावलांनी मोजा आणि वाळू त्या हिशेबाने तोला. आमच्याकडे नेमकं उलट होतं. यंत्रं आधी तयार होतात आणि मुलांना किती मागे उभं करायचं हे पहिला चेंडू पडल्यावर ठरतं.

फेकायची वस्तू म्हणून माझी पसंती कापडाच्या पुरचुंडीला. आत २५ ग्रॅम तांदूळ, तोंड दोऱ्याने घट्ट शिवलेलं. ती मऊ असते, घरंगळत नाही, पडली तिथेच राहते. चेंडू टप्पा घेऊन पुढे पळतो आणि 'पहिला टप्पा धरायचा की थांबला ती जागा' यावर दोन संघांचे पालक हमरीतुमरीवर येतात. पुरचुंडीला हा प्रश्नच पडत नाही.

आता निकालाबद्दल. 'तीन फेका, त्यातली सर्वोत्तम धरा' हा त्याच गैरसमजाचा धाकटा भाऊ. सर्वोत्तम फेक धरली की नशीब मोजलं जातं. समजा एका संघाच्या पाच फेकी ३, ४, ३, ९ आणि ४ मीटर गेल्या, दुसऱ्याच्या पाचही साडेसहाच्या आसपास. चांगलं यंत्र कुणाचं? पाच फेकी चढत्या क्रमाने मांडून मधली धरा, उत्तर आपोआप मिळतं. त्याहून चांगलं म्हणजे अंतराचा नाद सोडून लक्ष्य ठेवणं. जमिनीवर फक्कीने एकात एक तीन वर्तुळं आखा, मधोमध घमेलं ठेवा. लक्ष्य किती दूर असेल ते यंत्रं तयार झाल्यावर जाहीर करा, आणि सरावाला अर्धा तास द्या. त्या अर्ध्या तासात मुलं दोरी एक बोट आखूड करून पाहतात, वहीत आकडे लिहितात, पुन्हा फेकतात. बक्षीस नसलं तरी चालेल, असा तो अर्धा तास असतो.

अंतर मोजायचंच असेल तर सगळ्यांचं एकाच पद्धतीने मोजा, आणि उघड्या मैदानावर स्पर्धा असेल तर क्रम चिठ्ठ्यांनी ठरवून दुसऱ्या फेरीत उलटा करा. दुपारी वारा सुटतो, आणि तो शेवटच्या संघांनाच का भोगायला लावायचा? रबरच वापरणार असाल तर सर्वांना एकाच पाकिटातलं नवं रबर स्पर्धेच्या दिवशी द्या. रात्रभर ताणून ठेवलेलं रबर सैलावतं.

सुरक्षिततेच्या बाबतीत एक समजूत इतकी पक्की आहे की ती मोडताना मला आवाज चढवावा लागतो: "सगळे मागे उभे राहिले की झालं." नाही झालं. ट्रेब्युशेच्या दांड्याला गोफणीसारखी झोळी असते. झोळी वेळेआधी सुटली तर वस्तू सरळ वर किंवा मागे येते, उशिरा सुटली तर समोरच्या जमिनीत आदळते. ज्यांच्या आजोबांनी गोफणीने कणसांवरची पाखरं हाकली आहेत त्यांना हे सांगावं लागू नये. प्रेक्षक बाजूला, लांब, शक्य तर क्रिकेटच्या सरावाच्या जाळीपलीकडे. कळ हाताने सोडायची नाही, दोन-तीन मीटर दोरी बांधून ओढायची. एका वेळी एकच यंत्र ताणलेलं असेल. ताणलेलं यंत्र सोडून कुणी जागेवरून हलणार नाही, आणि पडलेली वस्तू आणायला परीक्षकाने सांगितल्याशिवाय कुणी पुढे धावणार नाही. धोका उडत्या वस्तूइतकाच ताणलेल्या, न सुटलेल्या यंत्रात असतो. अडकलं की मुलं वाकून आत डोकावतात.

"लहान वस्तू आहे, काय होणार?" डोळ्याची खोबण साधारण चार सेंटिमीटर रुंद असते. क्रिकेटचा चेंडू सात सेंटिमीटरहून मोठा, तो कडेच्या हाडांवर आदळतो. स्क्वॉशचा चेंडू बरोबर चार सेंटिमीटरचा, तो थेट खोबणीत बसतो, म्हणूनच त्या खेळात डोळ्यांच्या दुखापतींची इतकी धास्ती असते. गोटी तर दीड सेंटिमीटरची. गोट्या, खडे, खिळे, बॅटरीचे सेल यांवर सरसकट बंदी घाला, चर्चा नको. 'चष्मा आहे की त्याला' हेही चालणार नाही. नंबरच्या साध्या चष्म्याला बाजूने संरक्षण नसतं आणि त्याची काच फुटू शकते. प्रयोगशाळेतले, बाजूंनी बंद असणारे पॉलिकार्बोनेटचे गॉगल मिळतात. यंत्राजवळच्या प्रत्येकाला ते हवेत, परीक्षकालाही.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

'४५ अंशांवरच सगळ्यात लांब जातं.' सुटण्याची आणि पडण्याची पातळी एक असेल आणि हवा नसेल, तर. पाऊण मीटर उंच टेबलावरून सेकंदाला ५ मीटर वेगाने फेकलं तर योग्य कोन साडेअडतीस अंशांच्या जवळ येतो. आणि ४५ वर फेकण्याने तोटा किती होतो? सहा सेंटिमीटर. यावर भांडणाऱ्या परीक्षकांनी चहा घ्यावा.

'जितकं हलकं तितकं लांब.' पिंगपाँगचा चेंडू २.७ ग्रॅमचा. सेकंदाला सुमारे ९ मीटर वेगाला हवेचा विरोध त्याच्या वजनाइतका होतो. शिवाय हलकी वस्तू घेतली तरी दांडा हलवायला लागणारी ऊर्जा कमी होत नाही.

'ट्रेब्युशे हे युरोपीय किल्ल्यांचं यंत्र.' माणसांनी दोर ओढून चालवायचं त्याचं मूळ रूप चीनमधलं, ख्रिस्तपूर्व काळातलं.

'सारखं साहित्य दिलं की न्याय झाला.' अर्धाच. ज्याने कधी करवत धरली नाही त्याला आठवडाभर आधी ती धरायला मिळाली पाहिजे. आणि कृपा करून पाहा, मिश्र संघात कळ मुलगा ओढतो आणि आकडे मुलगी लिहिते असं किती वेळा होतं. दर फेकीला कामं बदलायचा नियम करा, त्याला काही खर्च येत नाही.

यंदा फोन करणार असाल तर जरूर करा, मी येईन. मात्र पटांगण किती लांब आहे आणि वाळू किती तोलली, हे दोन आकडे हाताशी ठेवा.