वीस गाठींची दोरी

फ्रान्समधील त्रुआ या गावी १८८२ पासून एमिल कूए नावाचे एक औषधविक्रेते आपला व्यवसाय करीत होते. डॉक्टरची चिठ्ठी घेऊन गिऱ्हाईक यावे, पुडी किंवा बाटली घेऊन जावे, असा तो नित्याचा व्यवहार. परंतु या व्यवहारात कूए यांच्या ध्यानात एक गोष्ट आली. औषध हाती देताना त्याच्या गुणाविषयी दोन विश्वासाचे शब्द बोलले, तर तेच औषध अधिक लागू पडते. मुकाट्याने दिलेल्या औषधाचा तेवढा गुण येत नाही. आपल्याकडे ज्याला डॉक्टरचा ‘हातगुण’ म्हणतात, त्याचा उगम हातात नसून जिभेत आणि ऐकणाऱ्याच्या मनात असावा, अशी शंका या मनुष्याला आली. पुढे साऱ्या युरोप-अमेरिकेत गाजलेल्या एका उपचारपद्धतीचे बीज या साध्या निरीक्षणात होते.

कूए यांचा जन्म २६ फेब्रुवारी १८५७ रोजी त्रुआ येथेच झाला. वडील रेल्वेत नोकरीस होते. औषधशास्त्राचे शिक्षण घेऊन त्यांनी पोटापाण्याचा उद्योग पत्करला. १८८५ च्या सुमारास नान्सी या शहरी त्यांची गाठ डॉ. लिएबो यांच्याशी पडली. लिएबो हे खेड्यापाड्यांतील गोरगरिबांचे डॉक्टर. जो रोगी संमोहनाने उपचार करून घेईल त्याच्याकडून ते पैसे घेत नसत. नान्सीच्या वैद्यकीय विद्यालयातील प्राध्यापक बर्नहाइम यांनी या उपचारांना शास्त्रीय बैठक देण्याचा प्रयत्न केला. संमोहन हे उन्मादाच्या विकाराचे लक्षण होय, असे पॅरिसचे विख्यात डॉक्टर शार्को म्हणत. तर ती सूचनेची किमया असून निरोगी माणसावरही चालते, असे बर्नहाइम यांचे म्हणणे होते. हा वाद त्या काळी इतका गाजला, की १८८९ मध्ये खुद्द फ्रॉइडही नान्सीला येऊन गेले. कूए मात्र वादात पडले नाहीत. लिएबो यांच्याकडे पाहिलेले त्यांनी आपल्या गावी करून पाहिले.

करून पाहताना त्यांना दोन अडचणी जाणवल्या. एक तर सगळीच माणसे संमोहित होत नाहीत. दुसरे असे, की उपचार करणाऱ्याची सूचना रोग्याने मनोमन आपली मानली तरच ती फळते. एरवी ती वाऱ्यावर जाते. मग संमोहन करणारा हवा कशाला? मनुष्याने स्वतःच स्वतःला सूचना का देऊ नये? स्वयंसूचनेचा सिद्धान्त तो हाच. १९१० मध्ये कूए नान्सी येथे राहावयास गेले आणि १९१३ मध्ये त्यांनी तेथे उपयोजित मानसशास्त्राची एक संस्था स्थापन केली. त्यांच्या घरी आणि बागेत रोग्यांची रीघ लागे. ते कोणाकडून एक पैही घेत नसत. आपण कोणाला बरे करीत नाही, प्रत्येकाला स्वतः बरे होण्यास शिकवितो, असे ते आल्यागेल्यास बजावीत.

त्यांच्या विचारांतील खरा नवेपणा मात्र अन्यत्र आहे. मानवी जीवनात इच्छाशक्ती श्रेष्ठ, असे शतकानुशतके नीतिपाठांतून सांगण्यात आले. कूए यांनी उलट प्रतिपादन केले. इच्छा आणि कल्पना यांचा झगडा जुंपला, की दर वेळी कल्पनाच जिंकते, असे ते म्हणत. त्यांचा दृष्टांत प्रसिद्ध आहे. फूटभर रुंदीची लांब फळी जमिनीवर ठेवली, तर कोणीही तीवरून सहज चालत जाईल. तीच फळी चर्चच्या उंच मनोऱ्यांच्या उंचीवर टाकली, तर दोन पावलेही टाकवणार नाहीत. फळी तीच, पाय तेच; बदलले ते मनातील चित्र. झोप यावी म्हणून हट्टाने डोळे मिटून पडणाऱ्याची झोप उडते, आणि आठवू पाहिलेले नाव जितके ताणावे तितके दूर पळते, तेही याच कारणाने. ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ या मराठी म्हणीत जे भय आहे, त्याच भयाला कूए उलट दिशेने कामास लावू पाहत होते.

त्यासाठी त्यांनी सांगितलेला उपाय एखाद्या लहान मुलालाही जमावा असा. आपली प्रकृती दिवसेंदिवस सर्व बाबतींत सुधारत आहे, अशा अर्थाचे एक वाक्य रात्री झोपी जाताना आणि सकाळी जाग येताच वीस वेळा म्हणावयाचे. ओठ हलावेत, स्वतःच्या कानी पडेल इतपत आवाज असावा. मात्र त्यासाठी मनाला ताण देऊ नये. मोजणीसाठी वीस गाठींची एक दोरी जवळ ठेवावी. आपल्याकडील वाचकास येथे जपमाळेची आठवण होईल. परंतु जपात नाम देवाचे असते. कूए यांच्या दोरीत देव नव्हता, गुरू नव्हता, दक्षिणाही नव्हती. होते ते फक्त माणसाचे स्वतःशी बोलणे.

कूए यांचे लेखन थोडे आहे. जाणीवपूर्वक केलेल्या स्वयंसूचनेने स्वतःवर प्रभुत्व मिळविण्याविषयीचे त्यांचे छोटे पुस्तक १९२२ मध्ये इंग्रजीत आले. त्यात व्याख्यान आहे, रोग्यांशी झालेली संभाषणे आहेत आणि कृतज्ञतेची पत्रे आहेत. त्यांच्या विचारांना ग्रंथरूपाने पांडित्याची जोड दिली ती जिनेव्हाच्या शार्ल बोदुआँ यांनी, १९२० मध्ये. पुढे इंग्लंडमध्ये कूए यांची व्याख्याने झाली. १९२३ च्या जानेवारीत ते अमेरिकेस गेले, तेव्हा वृत्तपत्रांचे बातमीदार त्यांच्या मागे लागले आणि लोकांची झुंबड उडाली. पण ज्या वेगाने हे वाक्य घरोघर पोहोचले, त्याच वेगाने ते विनोदाचाही विषय झाले. २ जुलै १९२६ रोजी नान्सी येथे कूए यांचे निधन झाले आणि ती लाट ओसरू लागली.

ही थट्टा सर्वस्वी अनाठायी होती, असे म्हणता येणार नाही. कूए यांच्या पुस्तकात अखेरच्या अवस्थेतील क्षयरोग्यांनाही सूचनेने आराम पडल्याच्या हकिगती आहेत. त्यांचा पडताळा कोणी घेतला नाही; ज्यांना गुण आला नाही त्यांची पत्रे छापली जात नसतात. क्षयाचे जंतू रॉबर्ट कोख यांनी १८८२ मध्येच दाखवून दिले होते. ते जंतू सूचनेने मेले नाहीत. त्यांच्यावर मात्रा चालली ती १९४३ मध्ये सापडलेल्या स्ट्रेप्टोमायसिनची. डॉक्टरचे औषध बंद करा, असे कूए यांनी सांगितले नाही, ही त्यांच्या पदरी पडणारी मोठी जमेची बाजू. तथापि मनाचे राज्य कोठे संपते आणि शरीराचे कोठे सुरू होते, ती सीमारेषा त्यांना आखता आली नाही, हेही मान्य केले पाहिजे.

ती रेषा आखण्याचे काम पुढील संशोधनाने केले. १९५५ मध्ये अमेरिकन डॉक्टर हेन्री बीचर यांनी निर्गुण गोळीच्या, म्हणजे प्लासिबोच्या, सामर्थ्याकडे वैद्यकविश्वाचे लक्ष वेधले. २००१ मध्ये दोन डॅनिश संशोधकांनी शंभरांहून अधिक चाचण्या एकत्र तपासल्या. वेदनेसारख्या, रोग्यालाच सांगता येणाऱ्या त्रासात अशा गोळीचा थोडाफार उपयोग दिसतो. यंत्राने मोजता येणाऱ्या विकारात तो जवळजवळ दिसत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. २०१० मध्ये हार्वर्डच्या टेड कॅप्चुक यांनी आतड्यांच्या जुनाट तक्रारीच्या ८० रोग्यांवर प्रयोग केला. गोळीत औषध नाही, असे त्यांतील काहींना उघड सांगून ती देण्यात आली. तरीही गोळी न घेणाऱ्यांपेक्षा त्यांना अधिक आराम वाटला. औषधासोबत बोललेल्या शब्दाला काही वजन असते, ही त्रुआच्या औषधविक्रेत्याची शंका अगदीच निराधार नव्हती.

आणखी एक निष्कर्ष अधिक विचार करावयास लावणारा आहे. २००९ मध्ये कॅनडातील संशोधकांनी काही व्यक्तींना स्वतःविषयीचे एक गौरवाचे वाक्य पुनःपुन्हा म्हणावयास लावले. ज्यांना मुळातच स्वतःविषयी बरे वाटत होते त्यांना ते किंचित मानवले; ज्यांचा स्वतःवर विश्वास नव्हता त्यांचे मन त्या वाक्याने अधिकच खचले. ज्यांना अशा वाक्याची गरज सर्वांत अधिक, त्यांनाच ते बाधावे, यात विपरीत काही नाही. मनातील चित्राच्या विरुद्ध जिभेने जोर केला, की चित्रच जिंकणार, हे कूए यांचेच सूत्र. त्यांच्या सूत्राने त्यांच्याच उपायाची मर्यादा दाखवून दिली.

आज विचारांच्या बळावर आरोग्य आणि संपत्ती मिळवून देण्याची ग्वाही देणाऱ्या पुस्तकांचे आणि शिबिरांचे पीक अमाप आले आहे. कूए यांचे नाव त्यांत क्वचितच निघते. त्यांचा संयम तर कोठेच दिसत नाही. मनाने सारे साधते असे एकदा मानले, की जे साधले नाही तो मनाचा दोष ठरतो. कर्करोगाने अंथरुणास खिळलेल्या माणसास भेटावयास येणारा ‘तुम्ही मन खंबीर ठेवा, म्हणजे बरे व्हाल’ असे सद्भावनेने सांगून जातो. आजार हटला नाही, की त्या माणसाच्या दुखण्यात आपण कोठेतरी कमी पडलो या अपराधी भावनेची भर पडते. रोग्यास धीर देणे वेगळे आणि रोगाची जबाबदारी त्याच्या माथी मारणे वेगळे. कूए इच्छाशक्तीच्या जुलमातून माणसाला सोडवावयास निघाले होते. त्यांच्या नकळत वारस झालेल्यांनी तोच जुलूम नव्या नावाने परत आणला आहे.

म्हणून कूए यांच्याकडून घ्यावयाचे ते त्यांचे वाक्य नव्हे, तर त्या वाक्यापूर्वीचे त्यांचे निरीक्षण. बाह्यरुग्ण विभागात तासन्‌तास रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाकडे मान वर करून न पाहता चिठ्ठी लिहून दिली जाते, तेव्हा औषध जाते. पण त्यासोबत जावयाचा शब्द जात नाही. तो शब्द खोटा असण्याची गरज नाही. काय झाले आहे, काय करता येईल आणि काय करता येणार नाही, एवढे आपुलकीने सांगितले तरी पुरे. त्याने जंतू मरणार नाहीत, गाठ विरघळणार नाही. पण भय उणे होईल. वीस गाठींची दोरी विस्मृतीत गेली म्हणून फारसे काही बिघडले नाही. औषधाच्या पुडीसोबत दोन शब्द देण्याची रीत मात्र विस्मृतीत जाता कामा नये.