अंगणातील आम्रवृक्षाचे दुखणे

अंगणातील जुना आंबा व्याधिग्रस्त झाला आहे, हे घरच्या मंडळींच्या ध्यानात बहुधा पाने सुकू लागल्यावर येते. परंतु पाने ही वार्ता फार उशिरा देतात, आणि ज्याला ती वेळेवर हवी असेल त्याने आधी बुंध्याकडे पाहिले पाहिजे. प्रचंड घेराच्या खोडात खरोखर जिवंत असा भाग म्हणजे सालीखालचा पातळ थर व त्यालगतचे बाहेरचे लाकूड; मधला गाभा केवळ आधारापुरता. म्हणूनच गाभा पोखरलेला वृक्ष वर्षानुवर्षे मोहरतो आणि पाहणाऱ्यास निरोगी भासतो. उलट सालीखालचा तो थर सभोवार तुटला, की भरभक्कम वृक्षही मुळांना अन्न न पोहोचल्यामुळे वठतो.

आंब्याचा हाडवैरी खोडकिडा. कोकणात त्याला भिरूड म्हणतात. लांब मिशांचा हा भुंगेरा सालीच्या भेगांत अंडी घालतो, आणि त्यांतून निघालेली पिवळसर पांढरी अळी, जी पुढे बोटाएवढी होते, साल आतून कुरतडून मग लाकडात वाकडीतिकडी भुयारे पाडते. ती स्वतः दृष्टीस पडत नाही. दिसतो तो छिद्रातून बाहेर पडलेला भुसा, आणि तोही रोजच्या केराबरोबर भरला जातो. यास्तव सकाळी केरसुणी फिरण्यापूर्वी बुंध्याभोवती एक फेरी घालावी. भुसा ताजा व ओलसर असेल, तर अळी आत जिवंत आहे असे खुशाल समजावे. छिद्र मोकळे करून लवचीक तारेच्या आकड्याने ती ओढून काढावी. हाती न लागल्यास कृषी खात्यातील जाणकाराने सांगितलेल्या औषधाचा बोळा आत सारून तोंड ओल्या मातीने लिंपावे.

जेथून डिंक ओघळतो तेथील सडकी साल धारदार सुरीने तासून वर बोर्डो मलम लावतात. 1885 च्या सुमारास फ्रान्सात मिलार्दे यांनी द्राक्षवेलींसाठी पुढे आणलेल्या मिश्रणाचेच हे दाट रूप : मोरचूद 1 किलो, कळीचा चुना 1 किलो, पाणी 10 लिटर, आणि भांडे मात्र लोखंडी नको. मिश्रणात बुडवलेल्या लोखंडी पात्यावर तांबूस लेप चढला, तर चुना कमी पडला.

बुंध्याशी कठीण, तपकिरी, कानासारखी आळंबी उगवली, तर मामला गंभीर. ती ओरबाडून काही साधत नाही, कारण ती बुरशीचे केवळ फळ. बुरशी आत लाकडात पसरलेली असते. अशा वेळी पोकळीत सिमेंट भरण्याची जुनी रीत मला सर्वथा त्याज्य वाटते : लाकूड वाऱ्याने लवते, सिमेंट लवत नाही, आणि दोहोंच्या फटीत ओल साचून कूज बळावते. अमेरिकेतील अलेक्स शायगो यांनी असंख्य खोडे करवतीने चिरून दाखवले, की वृक्ष जखम भरून काढीत नाही, तो कुजक्या भागाभोवती तट उभारतो; पोकळी खरवडणारा हात तोच तट फोडतो. त्यापेक्षा जाणकाराकडून आधाराची तपासणी करवून घरावर कललेल्या जड फांद्या उतरवाव्यात, त्याही बगलेतील फुगवटा शाबूत राखून. आणि बुंध्याला भिडलेली फरशी उखडून मुळांना हवा द्यावी. नागरी हद्दीत मात्र 1975 च्या वृक्ष संरक्षण अधिनियमाचा अंमल स्वतःच्या अंगणातही चालतो. तेव्हा कुऱ्हाड लावण्यापूर्वी वृक्ष अधिकाऱ्याकडे रीतसर अर्ज करून लेखी परवानगी घ्यावी, आणि त्या अर्जात वृक्ष तोडण्याऐवजी त्याचा भार हलका करण्याची तजवीज आधी मागावी.