हाताने शिवलेला कुर्ता ऑनलाइन विकला, तर तासाला किती सुटतात?

आजचा भाग ज्यांना ऐकायला जमणार नाही, त्यांच्यासाठी हा लेखी स्वरूपात. ज्यांनी ऐकलाय त्यांनीही मधला हिशोबाचा भाग एकदा वाचा. तो कागद-पेन घेऊन बसण्यासारखा आहे.

गेल्या काही महिन्यांत बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर या पट्ट्यातून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. "घरी कुर्ते शिवते, बाळांची झबली-टोपडी करते, क्रोशाचं काम येतं. ऑनलाइन कुठे विकू?" कुठे विकू याचं उत्तर सोपं आहे, चार-पाच नावं कुणीही सांगेल. मी आधी दुसरा प्रश्न विचारतो : एका कपड्याला किती तास लागतात, आणि त्या तासाचे किती पैसे हवेत? बहुतेक वेळा समोर शांतता असते. आजचा भाग त्या शांततेबद्दल आहे.

आपला पट्टा आणि कापड

आधी आपल्या जमेच्या बाजूबद्दल. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत वसवलं गेलं आणि 8 ऑगस्ट 1949 ला तेव्हाचे गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांनी त्या वस्तीला उल्हासनगर नाव दिलं. हातात काहीही नसताना त्या लोकांनी धंदे उभे केले, त्यात कपड्याचा धंदा मोठा. कॅम्प एक ते पाच ही भाषा आजही तशीच आहे. गजानन मार्केट, जपानी बाजार ही नावं शिवणकाम करणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा. जीन्सचं तर हे गावच. वालधुनीच्या प्रदूषणामुळे जीन्स धुलाईचे कारखाने बंद करावे लागले, त्याचा फटका शिलाईच्या कामालाही बसला. तरी कापड, अस्तर, चेन, बटणं, लेस यांसाठी आपल्याला दादर किंवा मंगलदास मार्केट गाठावं लागत नाही.

आमच्या घरात वहिनी शिवतात आणि ऑनलाइनची बाजू मी बघतो. अंबरनाथहून लोकल पकडली की अर्ध्या दिवसात कापड घेऊन परत. ही सोय पुण्याच्या किंवा नागपूरच्या विकणाऱ्याला नाही. पण हीच सोय शेजारच्या कारखानदारालाही आहे, तो तेच कापड ताग्याने उचलतो. म्हणून कापडाच्या स्वस्ताईवर आपण त्याच्याशी स्पर्धा करू शकत नाही. आपल्याकडे विकण्यासारखं जे वेगळं आहे ते हातात आहे, आणि हाताला वेळ लागतो.

आता हिशोब

आकडे मी उदाहरणासाठी धरलेत. तुमचे तुम्ही घाला, रीत तीच राहील.

गळ्यावर आणि बाह्यांवर हाताचं भरतकाम असलेला सुती कुर्ता घेऊ. कापड 275 रुपये. धागे, अस्तर, बटणं 55. पिशवी, टॅग, पॅकिंग 20. झाले 350. वेळ : बेतणं आणि शिलाई 3 तास, भरतकाम 6 तास, एकूण 9 तास.

विक्रीची किंमत ठेवली 1,199. साइटचं कमिशन, ठरावीक फी, पाठवणीचा खर्च हे सगळं मिळून 22 टक्के गेले असं धरू, म्हणजे 264 रुपये. हातात आले 935. त्यातून 350 वजा केले की 585. भागिले 9 तास. तासाला 65 रुपये. बरं वाटतं ना?

आता परतीचा माल. ऑनलाइन कपड्यात परत येणं हे अपघात म्हणून धरायचं नसतं, खर्च म्हणून धरायचं असतं. समजा 10 कुर्ते पाठवले, 8 टिकले, 2 परत आले. परतीच्या वाहतुकीचे प्रत्येकी 120 रुपये तुमच्या खात्यातून गेले. दोनातला एक कुर्ता नीट आला, तो पुन्हा विकता येईल. दुसरा डाग पडून किंवा उसवून आला.

- 8 कुर्त्यांचे आले : 7,480
- परतीची वाहतूक : 240. उरले 7,240
- 9 कुर्त्यांचं सामान (8 विकलेले आणि 1 वाया) : 3,150. उरले 4,090
- त्या 9 कुर्त्यांचे तास : 81

तासाला 50 रुपये. म्हणजे 65 चे 50 झाले आणि त्यात कुणी फसवलेलं नाही.

आता गंमत बघा. सणाचा सेल लागला, साइटवरून सूचना आली की पाव किंमत कमी करा, माल वर दिसेल. 1,199 चे 899 केले. 22 टक्के वजा जाता हातात 701. आठांचे 5,608. परतीचे 240 आणि सामानाचे 3,150 काढले की उरले 2,218. भागिले 81. तासाला 27 रुपये.

किंमत पाव कमी झाली आणि मजुरी जवळजवळ निम्मी झाली. कारण कापडवाला, कुरिअर आणि परतीचा खर्च कुणीच पाव कमी होत नाही, सगळी सूट शिवणाऱ्या बाईच्या बोटांतून जाते. दिवाळीत "खूप ऑर्डरी आल्या" म्हणून रात्री दोन वाजेपर्यंत मशीन चालते आणि शेवटी हातात काही दिसत नाही, त्याचं कारण इथे आहे.

"शून्य कमिशन" म्हणजे काय?

2021 मध्ये मीशोने विक्रेत्यांसाठी शून्य कमिशन जाहीर केलं, तेव्हापासून हा शब्द सगळ्यांच्या तोंडी आहे. कमिशन शून्य असलं तरी माल पोचवायला खर्च येतो, वर दिसण्यासाठी जाहिरात करावी लागते, परतीचा खर्च असतो. म्हणून कमिशनचा एकच आकडा बघून साइट निवडू नका. मागच्या महिन्यात विकलेल्या एका कपड्याचे प्रत्यक्ष बँकेत किती आले, तो आकडा बघा. पेमेंटच्या तपशिलात प्रत्येक ऑर्डरचा हिशोब मिळतो. कंटाळवाणा असतो, पण महिन्यातून एकदा उघडायचाच.

पाकिटाच्या आकाराचंही तसंच. कुरिअरवाले बहुधा खरं वजन आणि आकारावरून काढलेलं वजन यांत जे जास्त असेल ते धरतात. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले 5,000, हे सूत्र सर्रास वापरतात. 40 बाय 30 बाय 10 चा खोका म्हणजे 2.4 किलो, आत कुर्ता 300 ग्रॅमचा असला तरी. कपड्याला खोका नको, घडी घालून चपटी पिशवी करा.

परती कमी कशी करायची?

ऑनलाइन धंद्यात "आरटीओ" हा शब्द ऐकाल. तो गाडीच्या लायसनचा आरटीओ नव्हे. गिऱ्हाइकाने पार्सल घेतलंच नाही आणि ते तसंच परत आलं, त्याला आरटीओ म्हणतात. कॅश ऑन डिलिव्हरीत हे जास्त होतं. त्यावर आपला ताबा कमी. पण घेऊन परत करणाऱ्यांची कारणं बहुधा तीनच : माप, रंग, आणि "फोटोत वेगळं दिसत होतं".

मापासाठी एस, एम, एल एवढं लिहून भागत नाही. तयार कपड्याची छाती, खांदा, उंची, बाही इंचात लिहा आणि हे अंगाचं माप नसून कपड्याचं आहे हेही लिहा. सुती कापड बेतण्याआधी भिजवून वाळवा. आटणं आणि रंग जाणं हे दोन्ही आपल्या बादलीत कळलेलं बरं. रंगासाठी फोटो दिवसा खिडकीपाशी काढा, फिल्टर लावू नका. भरतकामाची उलटी बाजूही दाखवा. हातकाम ओळखणारं गिऱ्हाईक तीच बघतं.

आणि पॅक करताना मोबाइलवर सलग व्हिडिओ काढा. कपडा, टॅग, पाकिटावरचा पत्ता, सगळं एका दमात. एका साइटवरून आमचा एक कुर्ता हळदीचा डाग घेऊन परत आला. भरपाईच्या अर्जाला तो व्हिडिओ जोडला तेव्हाच दाद लागली.

कराचं काय?

इथे सगळ्यात जास्त घबराट असते. पूर्वी ऑनलाइन साइटवरून माल विकायचा तर उलाढाल कितीही छोटी असो, जीएसटी नोंदणी लागायचीच. 1 ऑक्टोबर 2023 पासून छोट्या विक्रेत्यांना सूट मिळाली. माल फक्त आपल्या राज्यात विकत असाल आणि वर्षाची एकूण उलाढाल नोंदणीच्या मर्यादेच्या आत असेल (महाराष्ट्रात मालासाठी 40 लाख), तर पूर्ण नोंदणीशिवाय विकता येतं. त्यासाठी पॅन देऊन जीएसटीच्या पोर्टलवरून एक एनरोलमेंट नंबर घ्यावा लागतो.

मेख "राज्यात" या शब्दात आहे. बदलापूरहून सांगलीला पार्सल गेलं तर चालतं. बेळगावला किंवा पणजीला गेलं, की राज्याची हद्द ओलांडली आणि ही सूट संपली. इन्स्टाग्रामवरून स्वतः विकलं तरी परराज्यात माल पाठवताना नोंदणीचा प्रश्न येतोच. हस्तकलेच्या यादीतल्या काही वस्तूंना वेगळी सवलत आहे. ती तुमच्या कामाला लागू होते का, हे कर सल्लागाराला नमुना दाखवून विचारा.

नोंदणी केलीत तर दर लक्षात ठेवा. 22 सप्टेंबर 2025 पासून 2,500 रुपयांपर्यंतच्या तयार कपड्याला 5 टक्के, त्यावर 18 टक्के. म्हणजे भरगच्च कामाच्या ड्रेसची किंमत 2,500 च्या जरा वर ठेवण्यात तोटाच आहे. साइट नोंदणीकृत विक्रेत्याच्या रकमेतून अर्धा टक्का टीसीएस कापते, तो जीएसटी खात्यात जमा दिसतो. आयकराचा टीडीएस 1 ऑक्टोबर 2024 पासून 0.1 टक्का झालाय, आणि पॅन किंवा आधार दिलेल्या व्यक्तीची त्या साइटवरची वर्षाची विक्री 5 लाखांच्या आत असेल तर तोही कापत नाहीत.

"हॅंडमेड" लिहिताना

हातमागाचं कापड वेगळं आणि हाताने केलेलं भरतकाम वेगळं. हातमागाच्या कापडासाठी 2006 पासून "हॅंडलूम मार्क" आहे. आपण उल्हासनगरातून आणलेलं कापड बहुधा यंत्रमागाचं असतं, त्यावर हॅंडलूम लिहिणं ही फसवणूक झाली. सरळ लिहा : "कापड यंत्रमागाचं, शिलाई घरच्या मशीनवर, भरतकाम हाताने." याने गिऱ्हाईक पळत नाही.

एट्सी ही 2005 साली सुरू झालेली अमेरिकन साइट हातकामासाठीच ओळखली जायची. 2013 मध्ये तिने विक्रेत्यांना बाहेरच्या कारखान्यातून माल बनवून घ्यायची मुभा दिली, आणि "हॅंडमेड म्हणजे नक्की काय" हा वाद तिथेही पेटला. 2022 च्या एप्रिलमध्ये तिने विक्रीवरची फी 5 वरून 6.5 टक्के केली, तेव्हा हजारो विक्रेत्यांनी काही दिवस दुकानं बंद ठेवली. परदेशात विकायचं मनात असेल तर आणखी एक : 29 ऑगस्ट 2025 पासून अमेरिकेने 800 डॉलरपर्यंतच्या पार्सलची करमाफी काढून घेतली. तिकडच्या भाचीला एक कुर्ता पाठवण्याइतकं ते सोपं राहिलेलं नाही.

मग विकायचं की नाही?

विकायचं. पण माझं मत असं आहे की मोठ्या साइटवर सहा तासांचं भरतकाम ठेवू नये. तिथे शेजारी 399 चा कुर्ता दिसतो आणि ऑर्डर एक-दोन दिवसांत रवाना करायची असते. तिथे तीन तासांत होणाऱ्या दोन-तीन गोष्टी ठेवा, एक डिझाइन, तीन मापं, प्रत्येकी दोन नग तयार. एकाच ताग्यातलं कापड घ्या, म्हणजे रंग बदलणार नाही. पदरचं खास काम ओळखीच्या गिऱ्हाइकाला, प्रदर्शनात, व्हॉट्सॲपवर, आगाऊ रक्कम घेऊन करा. तिथे परती जवळजवळ नसते.

आणि मशीनपाशी एक वही ठेवा. कपडा, सुरू केल्याची वेळ, संपल्याची वेळ, शेवटी हातात आलेले रुपये. तीन महिने लिहा. आमच्या वहिनींनी वही ठेवली आणि पहिल्यांदा एका सेलला "नाही" म्हटलं. त्या महिन्यात ऑर्डरी कमी आल्या, तासाचे पैसे मात्र वाढले.

तुमच्या वहीतला आकडा किती आला ते कळवा. पुढच्या भागात पिको-फॉल आणि ब्लाउज शिलाईचे दर कसे ठरवायचे यावर बोलू. तोपर्यंत नमस्कार.