सव्वीस सेकंद

पहाटे ५.४५

चौकात पेपरवाले आणि दूधवाले सोडले तर कोणी नाही. टेप लावायची हीच वेळ, कारण एकदा बसगाड्या सुरू झाल्या की रस्त्यात वाकताही येत नाही. रस्ता सहा पदरी, पदर साडेतीन मीटरचा. म्हणजे पायी माणसाला २१ मीटर कापायचे. पादचाऱ्यांचा हिरवा दिवा स्टॉपवॉचवर तीनदा मोजला. तिन्ही वेळा १५ सेकंद. हिशेबासाठी चालण्याचा वेग आम्ही सेकंदाला १.२ मीटर धरतो. तेवढ्या वेळात धडधाकट माणूस १८ मीटर जातो. उरलेले तीन मीटर म्हणजे बरोबर तो शेवटचा पदर, जिथे दुचाक्या कडेने घुसतात.

६.३०

फुटपाथ. इंडियन रोड्स काँग्रेसच्या सूचनांनुसार चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी आणि कडेची उंची १५० मिलिमीटरच्या वर नको. इथे विजेच्या डीपीपाशी ७० सेंटिमीटर उरलेत आणि उंची भरली ३१०. गुडघे दुखणारं माणूस यावर चढणारच नाही, ते खालून गाड्यांबरोबर चालणार. लोकांना शिस्त नाही, हे वाक्य मी या कामात रोज ऐकते. ते म्हणणाऱ्याच्या हातात एकदा टेप द्यावी असं फार वाटतं.

८.१५

मोजणी सुरू. माझ्याबरोबरचा डिप्लोमाचा मुलगा अंगठ्याने काउंटर दाबतोय. शाळेची मुलं, धुण्याभांड्याला निघालेल्या बायका, बसस्टॉपकडे पळणारे.

एक आजी भाजीची पिशवी घेऊन कडेला उभ्या आहेत. एक हिरवा दिवा त्यांनी सोडला, दुसराही सोडला. तिसऱ्याला निघाल्या. पाऊल छोटं, डावी चप्पल घासत. दुभाजकापर्यंत पोचतात तोच दिवा लाल झाला आणि मागच्या गाड्यांनी हॉर्न धरला. आजी थांबल्या नाहीत, मागेही फिरल्या नाहीत; फक्त पिशवी छातीशी धरली. पलीकडे पोचल्या तेव्हा घड्याळात २६ सेकंद झाले होते. धावत जाऊन विचारलं, "आजी, दोनदा का थांबलात?"

"पोरी, आधी दम साठवून घ्यावा लागतो."

दुपारी १२.३०

पोलीस ठाणं. याच चौकातल्या जुन्या अपघातांचे कागद पाहायला मिळाले. भाषा सगळीकडे एकच: भरधाव वेगात, हयगयीने वाहन चालवून पायी जाणाऱ्या इसमास ठोस दिली. वाहनाचा नंबर मिळाला असेल तर चालकाचं नाव, नाहीतर 'अज्ञात वाहन'. मयताचं वय, कपड्यांचा रंग, खिशातल्या वस्तू, सगळं आहे. पण दिवा लागत होता का, दुभाजकाला तिथे खिंडार होतं का, हिरवा दिवा किती सेकंदांचा, याचा एका ओळीनेही उल्लेख नाही. रस्ता कुठल्याच कागदात हजर नाही. खरं तर मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८ए आलं. रस्त्याचं काम ठरलेल्या मानकांप्रमाणे न झाल्यामुळे मृत्यू झाला तर जबाबदार यंत्रणेला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. पण रस्त्याचा दोष आधी कागदावर आला तरच ना!

दुपारी ३.३०

बैठक. मी सेकंद वाढवून मागितले, तेव्हा पहिलं उत्तर आलं, "मॅडम, गाड्यांची रांग वाढेल." बरोबर आहे, वाढेल. म्हणून मी केंद्र सरकारचे आकडे समोर ठेवले. २०१६ मध्ये देशात रस्त्यांवर १,५०,७८५ माणसं गेली, २०२२ मध्ये १,६८,४९१. वाढ साधारण १२ टक्के. त्यांतले पायी चालणारे मात्र १५,७४६ वरून ३२,८२५ झाले. दुपटीच्याही वर. पूर्वी दहातला एक होता, आता पाचातला एक. पुण्यात २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्ता दिवसभर पायी चालणाऱ्यांना मोकळा करून देतात. ते मला मनापासून आवडतं. पण आजींना ११ डिसेंबरला नाही, रोज सकाळी सव्वाआठला रस्ता ओलांडायचा असतो.

सेकंद २० करायचं कबूल झालं, तेही महिनाभर प्रयोग म्हणून. मी २६ चा आग्रह सोडलेला नाही, लेखी दिलाय. दुभाजकावर थांबायला दीड मीटरचा कठडा मागितलाय तो वेगळाच.

संध्याकाळी ६.५०

पुन्हा चौक. देशभरात संध्याकाळी ६ ते ९ हीच अपघातांची सर्वांत वाईट वेळ. झेब्राच्या पलीकडे शंभर पावलांवर दुभाजकाची जाळी तुटली आहे. तिथली माती पावलांनी घट्ट, गुळगुळीत झाली आहे. रिक्षास्टँड समोरच असल्यावर लोक तिथूनच जाणार. ताशी ६० च्या वेगात गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटर येते. चालकाला माणूस दिसून ब्रेक लागेपर्यंतच एवढं अंतर गेलेलं असतं. आणि इथे दिसत काही नाही.

वर पाहिलं. खांब आहे, दिवाही चालू आहे. पण गुलमोहराच्या फांदीने तो पुरता झाकलाय, उजेड पानांतच अडकतो. खाली एक बाई गडद निळ्या साडीत, कडेवर मूल घेऊन उभी होती. दहा पावलांवर जाईपर्यंत मला तिचं मूल दिसलं नव्हतं.

मोबाइलच्या उजेडात खांबाचा नंबर उतरवला. उद्यान विभागातल्या मुकादमांना फोन लावला. ते म्हणाले, सकाळी शिडीची गाडी पाठवतो. मी म्हटलं, सहाला येते, दाखवायला.