कमरेचा ब्रेकडाउन

नवी गाडी, थंडगार एसी, आवडीची गाणी... सगळं कसं मस्त! मग ऑफिसच्या पार्किंगमध्ये उतरताना हात पटकन कमरेवर का जातो? खड्ड्यांना आणि ट्रॅफिकला शिव्या घालायच्या तर खुशाल घाला. पण त्याआधी जरा आपल्या सीटकडे बघा. दहा मिनिटं आणि घरातला एक टॉवेल, एवढ्यावर बरंच काही बदलू शकतं.

डोंबिवलीजवळच्या एका गावात मित्राची हळद होती. आपल्याकडची हळद म्हणजे काय, हे ठाणे-कल्याणकरांना वेगळं सांगायला नको. बँजो, ढोलकी आणि पहाटेपर्यंत नाच. आणि मी? मांडवाच्या कडेला, प्लॅस्टिकच्या खुर्चीत, नवरदेवाच्या आजीशेजारी.

“का रं पोरा, नाचत नाय?” आजीने विचारलं.

“आजी, कंबर...”

“माजी पन!” म्हणत आजी जी हसली, ती थांबेचना. तिचं वय ऐंशीच्या घरात. माझं अठ्ठावीस.

त्याच्या आठ महिने आधी मी कर्ज काढून एक सेकंडहँड हॅचबॅक घेतली होती. लोकलच्या गर्दीतून सुटका, दुसरं काय! काटई नाका, शिळफाटा, मुंब्रा बायपास, खारेगाव, माजिवडा. अंतर फार नाही. वेळ मात्र कधी पाऊण तास, कधी दोन. सुरुवातीला नुसतं अवघडल्यासारखं वाटायचं. मग सकाळी मोजे घालताना कळ यायला लागली. गोळ्या झाल्या, मलम झालं, मेडिकलमधून आणलेला कमरेचा पट्टाही झाला. गाडी विकून टाकावी इथपर्यंत विचार आला होता. हप्ते तेवढे बाकी होते!

हळदीनंतरच्या सोमवारी एका फिजिओथेरपिस्टकडे गेलो. तिने कंबर तपासली, पाय उचलायला लावले आणि विचारलं, “गाडी खालीच लावलीय ना? चला, बघू या.” पार्किंगमध्ये मला रोजच्यासारखं बसायला सांगितलं. दोन मिनिटं न्याहाळलं आणि म्हणाली, “तुम्ही गाडी चालवत नाही, गाडीत लोळता.”

सीटवर कमरेचं होतं काय?

उभे असताना कमरेच्या मणक्यांना आतल्या बाजूला एक छान बाक असतो. सीटवर बसलो की गुडघे वर येतात, माकडहाडाकडचा भाग मागे कलंडतो आणि तो बाक सपाट होतो. मणक्यांमधल्या चकत्या, म्हणजे डिस्क, पुढून दाबल्या जातात आणि मागचे बंध ताणले जातात. पाच मिनिटं असं बसलं तर काही बिघडत नाही. दीड तास बसलं की कंबर बोलायला लागते.

अल्फ नाकेमसन या स्वीडिश अस्थिरोगतज्ज्ञाने १९६०च्या दशकात डिस्कमधला दाब थेट मोजला होता. टेकू न घेता बसलं तर हा दाब उभं राहण्यापेक्षा जास्त, आणि पुढे वाकून बसलं तर आणखी जास्त, असं त्याला दिसलं. तेव्हापासून ‘ताठ बसा’ हा मंत्र झाला. पण १९९९मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी नव्या साधनांनी पुन्हा मोजणी केली, तेव्हा पाठ मागे टेकून सैल बसल्यावर दाब चक्क कमी भरला. पुढे वाकल्यावर तो वाढतो, हे मात्र कायम राहिलं. म्हणजे परेडला उभं असल्यासारखं ताठ बसायची गरज नाही. पाठ सीटला नीट टेकली पाहिजे, बस्स.

गाडीत आणखी दोन भानगडी असतात. पहिली, थरथर. बसलेल्या माणसाचा कणा सेकंदाला साधारण चार ते सहा या वेगाच्या हेलकाव्यांना सगळ्यात जास्त साथ देतो आणि खराब रस्त्यावरची गाडी नेमकी याच पट्ट्यात हलते. दुसरी, क्लच. खुर्चीत दोन्ही पाय जमिनीवर घट्ट असतात. ट्रॅफिकमध्ये डावा पाय सतत वर-खाली होत राहतो आणि प्रत्येक वेळी कंबर त्याच्यासोबत किंचित सरकते. शिळफाट्याच्या एका जॅममध्ये क्लच किती वेळा दाबला जातो, हे एकदा मोजूनच बघा!

म्हणजे गाडी चालवून कणा झिजून जातो का? नाही, तसं घाबरायचं कारण नाही. १९७५मध्ये अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात, ज्यांचा कामाचा निम्मा किंवा जास्त वेळ गाडी चालवण्यात जातो अशा पुरुषांमध्ये डिस्क सरकण्याचं प्रमाण सुमारे तिप्पट आढळलं होतं. पण २००२मध्ये फिनलंडमधल्या जुळ्या भावांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रत्येक जोडीतला एक भाऊ भरपूर गाडी चालवणारा, दुसरा तसा नसलेला. दोघांच्या डिस्कची झीज जवळपास सारखीच निघाली! दुखणं खोटं नाही, पण ‘कंबर कायमची गेली’ असंही नाही. सवय बदलली की दुखणं कमी होऊ शकतं, ही यातली खरी गुड न्यूज.

दहा मिनिटांचं सेटिंग

सोसायटीच्या पार्किंगमध्ये, इंजिन बंद असताना, याच क्रमाने करा.

१. मागच्या खिशातलं पाकीट काढा. त्यावर बसलं की एक कुल्ला उंच, एक खाली. शिवाय पायात जाणाऱ्या नसेवर दाब येतो. जाडजूड पाकिटामुळे होणाऱ्या सायटिकाबद्दल १९७८मध्येच अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या एका नियतकालिकात लिहून आलं होतं. पाकीट डॅशबोर्डच्या कप्प्यात टाका.

२. ढुंगण पार मागे, सीटच्या कोपऱ्यापर्यंत न्या. मध्ये फट राहिली तर पुढचं सगळं सेटिंग वाया.

३. उंची. कुल्ले गुडघ्यांच्या रेषेत किंवा किंचित वर हवेत. बोनेटपलीकडचा रस्ता मान न उंचावता दिसला पाहिजे. अनेक गाड्यांच्या बेसिक मॉडेलमध्ये सीट वर-खाली करायची सोयच नसते. त्यांच्यासाठी उपाय पुढे आहे.

४. अंतर. क्लच तळापर्यंत दाबा. तरीही गुडघा थोडा वाकलेला हवा. पाय सरळ ताणला जात असेल तर सीट लांब आहे. मात्र छाती आणि स्टिअरिंगचा मध्य यांत निदान २५ सेंटिमीटर अंतर सोडा, एअरबॅग उघडायला तेवढी जागा लागते.

५. पाठ. काटकोनापेक्षा थोडी मागे, साधारण १०० ते ११० अंश. पाठ टेकलेली ठेवून हात पुढे करा. मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर आरामात टेकलं की जमलं.

६. हेडरेस्ट. त्याची वरची कड डोक्याच्या वरच्या टोकाजवळ हवी, निदान कानांच्या वर तरी. आणि डोक्याच्या जितकं जवळ तितकं बरं.

७. सगळ्यात शेवटी आरसे. यात एक गंमत आहे. नीट बसून आरसा लावला की संध्याकाळी घसरून बसल्यावर मागची काच अर्धीच दिसते. तेव्हा आरशाला हात लावायचा नाही, स्वतः वर सरकायचं!

टॉवेल झिंदाबाद

महागड्या गाड्यांमध्ये कमरेपाशी पुढे-मागे होणारा टेकू सीटमध्येच असतो. आपल्या हॅचबॅकमध्ये तो बहुधा नसतो. मग नॅपकिनपेक्षा जरा मोठा टॉवेल घ्या, घट्ट गुंडाळा, दोन्ही टोकांना रबर लावा आणि पँटच्या बेल्टच्या उंचीवर, कमरेच्या खळग्यात ठेवा. दाबल्यावर दोन-तीन सेंटिमीटर जाडी उरली तरी पुष्कळ. टेकू जाणवला पाहिजे, ढकलता कामा नये. फार जाड झाला तर उलट पाठ सीटवरून सुटते. आठवडाभर वेगवेगळ्या जाडीचे प्रयोग करा. आपल्या कमरेचं माप कळलं की मगच उशी विकत घ्या, नाहीतर पैसे पाण्यात.

जुन्या गाडीत आणखी एक पाहा. फोम मध्येच बसून खड्डा झालाय का? तसं असेल तर कुठलीही उशी उपयोगाची नाही. सीटचं काम करणाऱ्या कारागिराकडून फोम बदलून घ्या. तो ‘३२ डेन्सिटी की ४०?’ असं विचारेल. आकडा मोठा म्हणजे फोम कडक, असा आपला समज असतो. खरं तर डेन्सिटी म्हणजे वजन. डेन्सिटी जास्त असली तर फोम सहसा जास्त टिकतो. कडकपणा वेगळा, तो बसूनच तपासायचा.

उंची कमी पडत असेल तर मागे जाड, पुढे पातळ अशी घट्ट उशी चालते. पण ती घसरणारी नको. बेल्ट पोटावर न येता कुल्ल्याच्या हाडांवरच बसायला हवा आणि सगळी पेडल तळापर्यंत दाबता यायला हवीत. आणि सीटकव्हर! सीटच्या कडेला एअरबॅगची खूण असेल तर तिथे घट्ट शिवलेलं कव्हर चढवू नका. दिसायला झक्कास, पण वेळेला एअरबॅगच अडकायची.

लाकडी मण्यांचं आसन? घाम कमी येतो, बरं वाटतं. पण कमरेला टेकू देण्याचं काम ते करत नाही. आणि कमरेचा पट्टा? जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात पट्ट्यांची शिफारस केलेली नाही. व्यायामाची मात्र केली आहे.

उतरल्यावरही जपा

दारातून एक पाय बाहेर टाकून पिळवटत उतरू नका. आधी दोन्ही पाय बाहेर वळवा, मग उभे राहा. बसताना याच्या उलट. आणि पोहोचल्या पोहोचल्या डिकीतून लॅपटॉपची बॅग हिसकून काढू नका. तासभर वाकून बसल्यावर कमरेचे बंध थोडे सैलावलेले असतात. दोन मिनिटं चाला, कमरेवर हात ठेवून हळूच मागे झुका, मग बॅग उचला. लांबच्या ड्राइव्हला तासा-दीड तासाने चहाचं निमित्त काढून उतरायचंच.

आणि कितीही झकास सीट असली तरी तास न् तास एका जागी बसणं काही खरं नाही. आठवड्यातून एक-दोन दिवस गाडी घरीच ठेवून स्टेशनपर्यंत चालत गेलं तर कंबर धन्यवाद देईल. मी बुधवार-शुक्रवार लोकलने जातो. हो, त्याच गर्दीतून!

हे दिसलं तर सीट सोडा, डॉक्टर गाठा

दुखणं गुडघ्याखाली उतरतंय, पायाला मुंग्या येतायत, ताप आहे, वजन उगाच घटतंय किंवा काही आठवडे झाले तरी फरक नाही, तर टॉवेल गुंडाळत बसू नका, तपासून घ्या. आणि पायातली ताकद जाते आहे, लघवी-शौचावरचा ताबा सुटतोय किंवा मांड्यांच्या मधला भाग बधिर झालाय, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. उद्यावर ढकलायचं नाही.

माझी कंबर दुखायची एका दिवसात थांबली नाही. पाकीट पहिल्याच दिवशी खिशातून गेलं. सीट दोन खाचा पुढे आली, टॉवेल कमरेमागे बसला आणि रोज वीस मिनिटांचा व्यायाम सुरू झाला. तिसऱ्या आठवड्यात मोजे घालताना कळ आली नाही, हे दुपारी लक्षात आलं. गाडी विकायचा विषय आपोआप मिटला.

त्याच घरात धाकट्या भावाची हळद लागली तेव्हा आजी त्याच जागी, तशाच प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसली होती. शेजारची खुर्ची तिने माझ्यासाठी धरून ठेवली होती. रात्री दोन वाजेपर्यंत ती रिकामीच राहिली.