कॉर्डलेस विद्युत अवजारे

विजेच्या तारेने भिंतीवरील जोडणीला न जोडता, पुन्हा पुन्हा प्रभारित करता येणाऱ्या बॅटरीवर चालणाऱ्या हातातील यंत्रांना कॉर्डलेस विद्युत अवजारे असे म्हणतात. ड्रिल, इम्पॅक्ट ड्रायव्हर, वर्तुळाकार करवत, अँगल ग्राइंडर, गवत कापण्याचे यंत्र, कुंपण छाटणी यंत्र, साखळी करवत आणि पालापाचोळा उडवणारा ब्लोअर ही त्यांची नेहमीची उदाहरणे होत. घरातील किरकोळ दुरुस्ती व परसबागेची कामे यांसाठी त्यांचा वापर केला जातो. एकच बॅटरी त्याच मालिकेतील अनेक अवजारांना चालते. त्यामुळे पहिल्या अवजाराची निवड ही प्रत्यक्षात पुढील अनेक वर्षांसाठी केलेली बॅटरी-प्रणालीची निवड ठरते.

इतिहास

जर्मनीतील श्टुटगार्ट येथील फाइन कंपनीने १८९५ मध्ये हातात धरून वापरता येणारे विद्युत ड्रिल तयार केले. पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाने दाबायचा खटका असलेले ड्रिल अमेरिकेतील ब्लॅक अँड डेकर कंपनीने १९१० च्या दशकात विकसित केले. आजच्या ड्रिलचा आकार त्याच रचनेवरून आला आहे. याच कंपनीने १९६१ मध्ये निकेल-कॅडमियम घटांवर चालणारे कॉर्डलेस ड्रिल सादर केले. पुढे अमेरिकेच्या अंतराळ कार्यक्रमासाठीही बॅटरीवरील अवजारे बनवली गेली. १९७१ मधील अपोलो १५ मोहिमेत चंद्राच्या पृष्ठभागावर छिद्रे पाडण्यासाठी बॅटरीवर चालणारे ड्रिल वापरण्यात आले.

निकेल-कॅडमियम घटाचा दाब केवळ १.२ व्होल्ट असल्याने १८ व्होल्टची बॅटरी बनवण्यासाठी १५ घट जोडावे लागत. अशी बॅटरी जड होती, न वापरता ठेवल्यास लवकर उतरत असे आणि तीत कॅडमियम हा विषारी धातू होता. सोनी कंपनीने १९९१ मध्ये लिथियम-आयन घट व्यापारी तत्त्वावर बाजारात आणला. बॉश कंपनीने २००३ मध्ये या घटावर चालणारा छोटा स्क्रू ड्रायव्हर विक्रीस आणला. २००५ मध्ये मिलवॉकी व माकिता या कंपन्यांनी अनुक्रमे २८ व १८ व्होल्टच्या लिथियम-आयन अवजारांच्या मालिका सुरू केल्या. त्यानंतर निकेल-कॅडमियम बॅटऱ्या या क्षेत्रातून मागे पडत गेल्या.

बॅटरीची क्षमता

अवजाराच्या खोक्यावर प्रामुख्याने दोन आकडे छापलेले असतात. व्होल्ट हे विद्युत दाबाचे, तर ॲम्पिअर-तास हे साठवलेल्या विद्युत प्रभाराचे माप होय. या दोहोंचा गुणाकार केल्यास वॅट-तास, म्हणजे बॅटरीत साठलेली ऊर्जा मिळते. १८ व्होल्ट व २ ॲम्पिअर-तासांच्या बॅटरीत ३६ वॅट-तास, तर १८ व्होल्ट व ५ ॲम्पिअर-तासांच्या बॅटरीत ९० वॅट-तास ऊर्जा असते. दोन बॅटऱ्यांची खरी तुलना वॅट-तासांवरूनच होते.

छापील व्होल्टचा आकडा अनेकदा दिशाभूल करणारा असतो. लिथियम-आयन घटाचा सर्वसाधारण दाब ३.६ व्होल्ट असतो आणि पूर्ण प्रभारित अवस्थेत तो सुमारे ४.२ व्होल्टपर्यंत जातो. पाच घट एकापुढे एक जोडल्यास सर्वसाधारण दाब १८ व्होल्ट व कमाल दाब २१ व्होल्ट भरतो. त्यामुळे '१८ व्होल्ट', '२० व्होल्ट मॅक्स' आणि '२१ व्होल्ट' अशा तीन नावांनी विकली जाणारी अवजारे बहुतेक वेळा एकाच वर्गातील असतात. त्याचप्रमाणे '१०.८ व्होल्ट' व '१२ व्होल्ट मॅक्स' या दोन्ही नावांमागे तीन घटांची बॅटरी असते. काही स्वस्त अवजारांवर '४८ व्हीएफ' किंवा '८८ व्हीएफ' असे आकडे छापलेले आढळतात. ते व्होल्टचे माप नसून विक्रीसाठी वापरलेले चिन्ह असते. आतील घट बहुधा पाचच असतात. अशा वेळी बॅटरीवरील वॅट-तास किंवा ॲम्पिअर-तासांची नोंद पाहावी. ती नोंदच नसल्यास वस्तूबद्दल शंका घेणे योग्य ठरते.

कामानुसार गरज

घरातील व परसातील कामांची ऊर्जेची गरज एकमेकींपासून फार वेगळी असते. स्क्रू पिळणे किंवा लाकडात छिद्र पाडणे हे काम थांबून थांबून, काही सेकंदांचे असते. त्यासाठी ३६ वॅट-तासांची बॅटरी दिवसभराच्या किरकोळ कामाला बहुधा पुरते. गवत कापण्याचे यंत्र मात्र सतत चालते. ७०० वॅट शक्ती खेचणारे यंत्र ९० वॅट-तासांची पूर्ण प्रभारित बॅटरी आठ मिनिटांच्या आत संपवते. म्हणूनच हिरवळ कापणारी मोठी यंत्रे व मोठ्या साखळी करवती बहुधा ३६ किंवा त्याहून अधिक व्होल्टच्या, अथवा एकाच वेळी दोन बॅटऱ्या बसणाऱ्या असतात.

घरगुती वापरासाठी साधारणपणे पुढील विभागणी केली जाते.

१२ व्होल्ट वर्ग: फर्निचर जोडणे, कपाटाचे कब्जे बसवणे, पडद्याच्या पट्ट्या लावणे. अवजार हलके असल्याने अरुंद जागेत व डोक्याच्या वर हात धरून काम करणे सोपे जाते.

१८ व्होल्ट वर्ग: विटांच्या भिंतीत छिद्रे, लाकूड कापणे, छोटे ग्राइंडर, लहान अंगणातील गवत व कुंपणाची छाटणी. घर आणि परस या दोन्हींसाठी एकच प्रणाली हवी असल्यास हा वर्ग बहुतेकांना पुरेसा होतो.

३६ व्होल्ट व त्यावरील वर्ग: मोठी हिरवळ, जाड फांद्या, दीर्घकाळ चालणारे काम.

ड्रिल व भिंतीचा प्रकार

छिद्र कशात पाडायचे यावर ड्रिलची निवड अवलंबून असते. साधे ड्रिल-ड्रायव्हर लाकूड, प्लायवूड व पातळ पत्रा यांसाठी योग्य असते. हॅमर ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासून बिटाला बारीक धक्के मिळतात. विटांच्या भिंतीत रावळप्लग बसवण्यासाठी ते पुरते. आर.सी.सी. खांब, तुळई व स्लॅब यांत मात्र त्याची गती फार मंदावते आणि वापरणारा जोर लावत राहिल्याने बिट जळते. अशा ठिकाणी रोटरी हॅमर वापरतात. त्यात दट्ट्याने दाबलेल्या हवेमुळे बिटावर आघात होतो, त्यामुळे हाताने फार जोर द्यावा लागत नाही. त्याच्या बिटासाठी एसडीएस-प्लस ही खाचा असलेली पकड रूढ आहे.

इम्पॅक्ट ड्रायव्हर हे दिसायला ड्रिलसारखे असले तरी त्याचे काम वेगळे आहे. ते फिरण्याच्या दिशेने झटके देते आणि लांब स्क्रू व नटबोल्ट सहज पिळते. भिंतीत छिद्र पाडण्यासाठी ते उपयोगी नाही. टॉर्क, म्हणजे फिरवणारा पीळ, न्यूटन-मीटरमध्ये सांगितला जातो. ड्रिलच्या व इम्पॅक्ट ड्रायव्हरच्या टॉर्कच्या आकड्यांची परस्पर तुलना करणे निरर्थक असते.

मोटरचे प्रकार

ब्रश असलेल्या मोटरमध्ये कार्बनचे तुकडे फिरत्या भागाला घासून वीज पोहोचवतात. घर्षणामुळे ऊर्जा वाया जाते व कार्बन झिजतो. ब्रशलेस मोटरमध्ये हे काम इलेक्ट्रॉनिक मंडल करते, त्यामुळे तीच बॅटरी अधिक काळ चालते आणि मोटर कमी तापते. अशी अवजारे महाग असतात. वर्षातून मोजक्या वेळा वापरल्या जाणाऱ्या ड्रिलमध्ये हा खर्च भरून निघणे कठीण असते. बॅटरी भराभर संपवणाऱ्या ग्राइंडर, करवत किंवा गवत कापणीच्या यंत्रात मात्र फरक स्पष्ट जाणवतो.

बॅटरी-प्रणाली व खर्च

बहुतेक उत्पादकांच्या बॅटऱ्या दुसऱ्या उत्पादकाच्या अवजारात बसत नाहीत. अवजाराच्या एकूण किमतीत बॅटरी व चार्जर यांचा वाटा मोठा असतो. म्हणून पहिल्यांदा बॅटरी व चार्जरसह संच घेऊन पुढील अवजारे बॅटरीविना घेणे स्वस्त पडते. एकाच कंपनीच्या दोन मालिकाही परस्परांना चालतीलच असे नाही. खरेदीपूर्वी हवी असलेली पुढील अवजारे त्याच मालिकेत मिळतात का, सुट्या बॅटऱ्या भारतात उपलब्ध आहेत का आणि जवळ दुरुस्ती केंद्र आहे का, हे पाहणे आवश्यक ठरते. काही उत्पादकांनी एकत्र येऊन सामाईक बॅटरीची व्यवस्था केली आहे. मेटाबो कंपनीच्या पुढाकाराने २०१८ मध्ये सुरू झालेली कॉर्डलेस अलायन्स सिस्टिम आणि बॉश व गार्डेना यांचा सहभाग असलेली, २०२० मध्ये सुरू झालेली पॉवर फॉर ऑल अलायन्स ही त्यांची उदाहरणे आहेत.

लिथियम-आयन बॅटरी न वापरताही कालांतराने जीर्ण होते. वर्षाकाठी चार-दोन छिद्रे पाडायची असतील, तर तारेचे ड्रिल अधिक स्वस्त व टिकाऊ पडते. कॉर्डलेस अवजाराचा खरा लाभ जिन्यात, गच्चीवर, परसात किंवा वीज नसलेल्या ठिकाणी मिळतो.

निगा

लिथियम-आयन बॅटरी पूर्ण उतरू देण्याची गरज नसते. ही सवय निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातील आहे. दीर्घकाळ वापर नसल्यास ती साधारण अर्धी प्रभारित करून थंड व कोरड्या जागी ठेवावी. उष्णता हा तिचा मोठा शत्रू आहे. विदर्भात उन्हाळ्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या वर जाते. अशा दिवसांत उन्हात उभ्या बंद मोटारीत किंवा पत्र्याच्या छपराखाली बॅटरी ठेवल्यास तिचे आयुष्य घटते. जड कामानंतर तापलेली बॅटरी निवल्यावरच चार्जरला लावावी. कोकणासारख्या दमट भागात धातूचे संपर्कबिंदू कोरडे व स्वच्छ ठेवणे महत्त्वाचे असते.

सुरक्षा

तार नसल्याने ओल्या गवतात वीजप्रवाहाचा धक्का बसण्याचा किंवा तारच कापली जाण्याचा धोका टळतो. म्हणून ही अवजारे निर्धोक ठरत नाहीत. भिंतीत दडलेल्या वीजवाहिनीवर बिट गेल्यास धोका कायम असतो. पाते, चकती किंवा साखळी बदलण्यापूर्वी बॅटरी काढून ठेवणे हा मूलभूत नियम आहे, कारण खटका चुकून दाबला गेल्यास अवजार तत्काळ सुरू होते.

अँगल ग्राइंडर विशेष काळजीने वापरावा लागतो. चकतीवर छापलेली कमाल फेऱ्यांची मर्यादा यंत्राच्या वेगाहून कमी नसावी, संरक्षक कवच काढू नये आणि लाकूड कापण्याचे दातेरी पाते त्याला बसवू नये. असे पाते लाकडात अडकल्यास यंत्र हातातून उसळते व गंभीर इजा होते. गवत कापताना खडे उडत असल्याने डोळ्यांना चष्मा व पायांत बंद बूट असावेत आणि इतरांना, विशेषतः मुलांना, दूर ठेवावे.

फुगलेली, फुटलेली किंवा पाण्यात बुडालेली बॅटरी प्रभारित करू नये. तिला आग लागू शकते. भारतात सुवाह्य उपकरणांतील लिथियम घटांसाठी आयएस १६०४६ (भाग २) हे मानक लागू असून बॅटरीवर भारतीय मानक ब्युरोचे नोंदणी चिन्ह असणे अपेक्षित आहे. नकली बॅटऱ्यांत संरक्षक मंडल अपुरे असण्याचा संभव असतो.

विल्हेवाट

निकामी बॅटरी घरगुती कचऱ्यात टाकल्यास कचरागाडीत किंवा कचरा डेपोत दाबली जाऊन आग लागू शकते. भारत सरकारने २०२२ मध्ये लागू केलेल्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करून त्यांवर प्रक्रिया करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नागरिकांनी अशी बॅटरी इतर कचऱ्यापासून वेगळी ठेवून संकलन केंद्राकडे किंवा अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडे देणे अपेक्षित आहे. देण्यापूर्वी तिच्या उघड्या संपर्कबिंदूंवर चिकटपट्टी लावल्यास वाटेत लघुपथन होण्याचा धोका टळतो.